दुप्पट भाड्याची कुळकथा

"सर, फ्लाइट ओव्हरसोल्ड है." काशीजवळच्या बाबतपूरच्या विमानतळावर काउंटरमागची मुलगी हे इतक्या गोड आवाजात म्हणाली, की मी आधी 'अच्छा' म्हणालो आणि मग मला अर्थ कळला. तिकीट कन्फर्म, दीड तास आधी हजर, पण जागा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात भाचीचा साखरपुडा. अंगठ्या माझ्या बॅगेत नव्हत्या, एवढंच नशीब. पुढचं विमान उद्या दुपारचं. पंचवीसेक किलोमीटर टॅक्सीनं मागे आलो आणि सकाळी जिथून निरोप घेतला होता त्याच संकठा घाटाच्या पायरीवर संध्याकाळी पुन्हा येऊन बसलो. वर संकट निवारणारी देवी, शेजारी यमेश्वर. त्याच्याकडे मात्र जागा नाही म्हणून कुणाला परत पाठवल्याचं ऐकिवात नाही.

समोर नावाड्यानं काठाला फळी टाकली. ओली, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. पाय घसरू नये म्हणून टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकलेला. 'बोर्डिंग'चं मूळ असंच जहाजाचं. बोर्ड म्हणजे फळी, आणि फळ्यांची बनलेली जहाजाची बाजूही. ती बाजू ओलांडून आत जायचं. विमानाला फळी उरली नाही, शब्द तेवढा उरला. नावाडी दहांच्या नावेत चौदावा कोंबतो, पण पैसे घेऊन कुणाला काठावर सोडत नाही. विमानात चौदावा कोंबता येत नाही, म्हणून कंपनी चौदा तिकिटं विकते आणि चौघं येणारच नाहीत असा जुगार खेळते. बहुतेकदा जिंकते. त्या दिवशी हरली होती आणि हरल्याचे पैसे माझ्या खिशातून जात होते.

फोनवर नियम शोधला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम १५ ऑगस्ट २०१० पासून लागू आहे. १ ऑगस्ट २०१६ पासून त्यातल्या रकमा वाढल्या. आधी स्वखुशीनं थांबणारे प्रवासी विचारायचे. (मला कुणी विचारलं नव्हतं.) तरीही कुणाला नाकारलंच आणि ठरल्या वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं, तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००.

भरपाईची ही कल्पना आपल्याकडे आली ती आधी अमेरिका, मग युरोप असा फेरा घेत. अमेरिकेतल्या विमान मंडळानं १९६७ साली नाकारलेल्या प्रवाशाला भरपाई सक्तीची केली. पुढच्याच वर्षी ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं सुचवलं, की प्रवाशांनाच विचारा, कोण कितीत थांबतो. जो कमी मागेल त्याला थांबवा. कंपन्यांनी ते हसण्यावारी नेलं. मग २८ एप्रिल १९७२ ला वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघालेल्या राल्फ नेडरला अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सनं जागा नाकारली. ग्राहकांच्या हक्कांसाठी मोटार कंपन्यांना घाम फोडलेला हा माणूस. नाकारायला नेमका तोच सापडला! देऊ केलेले ३२ डॉलर ४१ सेंट न घेता तो कोर्टात गेला. मंडळ आहे म्हणून प्रवाशाला कोर्टाचं दार बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये सांगितलं. १९७८ पासून तिथं आधी स्वखुशीचे प्रवासी शोधणं बंधनकारक झालं. युरोपनं १९९१ मध्ये आपला नियम केला आणि २००४ मध्ये तो कडक करून २५० ते ६०० युरो असे दर बांधून दिले.

पण त्या पायरीवर मला खटकला तो '२०० टक्के' हा आकडा. दुप्पट. हे कुठंतरी वाचलेलं होतं.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मजुरी ठरवून ओझं वाहणाऱ्याविषयी एक श्लोक आहे. राजा किंवा दैव कारण नसताना माल हरवला तर वाहकानं भरून द्यावा, आणि जो प्रस्थानात विघ्न आणील त्यानं मजुरीच्या दुप्पट द्यावं. त्या स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा ही टीका लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर. ते प्रसंग घालून देतात: लग्नासारख्या कार्यासाठी चांगला दिवस पाहून माणूस निघाला आहे, आधी हो म्हटलेला वाहक ऐन वेळी 'नाही करत' म्हणतो. मग दुप्पट का? तर त्यानं मोठ्या कामाचा खोळंबा केला म्हणून. साखरपुडा चुकलेल्या मामाला याहून जवळचा भाष्यकार कुठून मिळणार?

'राजा किंवा दैव' ही सूटही जुनीच. मनुस्मृतीत नावेच्या बाबतीत तेच आहे: नावाड्यांच्या चुकीनं नुकसान झालं तर त्यांनी आपापल्या वाट्यानं भरावं, दैवानं झालं तर दंड नाही. आमच्या नियमात उड्डाण रद्द होण्याच्या, लांबण्याच्या कलमांत पूर, दंगल, सरकारी आदेश अशी यादी येते. पूर म्हणजे दैव, आदेश म्हणजे राजा.

विमानं आपल्याकडे होतीच, असं म्हणणाऱ्यांनी इथं खूश होऊ नये. वॉशिंग्टनमधल्या मंडळानं मिताक्षरा उघडली नव्हती. ही दोन वेगळी कुळं आहेत; दुखणं एक म्हणून औषध सारखं निघालं. मात्र जुन्या कुळाचं बिऱ्हाड याच काशीत होतं आणि ते मराठी होतं. सोळाव्या शतकात पैठणच्या रामेश्वर भट्टांचं घराणं इथं स्थिरावलं. त्यातल्या नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हा कायदेग्रंथ पुढे इंग्रजी अमलात मुंबईच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला. अठराव्या शतकात इथल्याच पायगुंडे घराण्यात मिताक्षरेवर बाळंभट्टी ही टीका झाली. हमाली, भाडं, करार यांचा कीस शिंदे आणि भोसल्यांच्या घाटांमागच्या या गल्ल्यांच्या शहरात असा पिढ्यान्‌पिढ्या पाडला गेला.

जुन्या श्लोकाला कमाल मर्यादा नव्हती, आणि तासाभरात दुसरा हमाल आणून दिला तर माफी, असंही त्यात नाही. दुप्पट होती ती निघण्याच्या घटकेची किंमत. आमच्या नियमात दुप्पट आहे ती भाड्याची, आणि तीही कर वगळलेल्या भाड्याची.

माझं मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून ३,९०० रुपये निघाले. तीन ई-मेलनंतर ७,८०० खात्यात आले. तोवर ताईनं साखरपुड्याचे फोटो पाठवले होते. पहिल्या दोन फोटोंत मामाची म्हणून ठेवलेली खुर्ची रिकामी दिसते. तिसऱ्यापासून तिच्यावर मुलाकडचे कुणी काका बसलेले आहेत.