पेडणे व डिचोलीतील घर-जमीन

पेडणे व डिचोली हे उत्तर गोव्यातील, सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून असलेले तालुके. दोन्ही नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर मिळवलेल्या मुलखात, मोडतात. अठराव्या शतकात ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. येथे जमीन एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून घर-जागा घेताना कागदाइतकाच वाडाही (गावातील वस्ती) पाहावा लागतो.

जमीनधारणा : भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर बांधून राहणारा तो मुंडकार; शेत कसणारा तो कूळ. 1964 च्या कूळ कायद्याने आणि 1975 च्या मुंडकार कायद्याने या दोघांना संरक्षण दिले. भाटकाराची जमीन (भाट) विकली गेली तरी मुंडकाराला हुसकावता येत नाही. घराखालची व लगतची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. डिचोलीतील मये गावाची कथा निराळी. गोवामुक्तीनंतर तेथील जमीनदारी मालमत्ता 1964 च्याच दुसऱ्या एका कायद्याने ‘कस्टोडियन’च्या (सरकारी ताबेदाराच्या) ताब्यात गेली आणि गावकरी आपल्याच घरात मालकीहक्काविना राहिले. त्यांना हक्क देण्यासाठी 2014 मध्ये कायदा झाला.

व्यवहार : पहिला कागद ‘एक-चौदा’चा उतारा. त्यात सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, कब्जेदार, कूळ व इतर हक्क यांचे रकाने असतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात एखादे घर नोंदलेले दिसले, तर त्या घरच्यांना भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू आहे. तिच्यानुसार सामायिक मालमत्ता विकताना पती-पत्नी दोघांची संमती लागते. मूळ मालक वारला असेल, तर सर्व वारसांचे हक्क ठरलेले असावे लागतात. बांधकामासाठी प्रादेशिक आराखड्यातील क्षेत्र, रूपांतराची सनद व पंचायतीचा परवाना आवश्यक. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. 2023 च्या कायद्याने भातशेतीची विक्री बिगरशेतकऱ्याला करण्यावर निर्बंध आले. पर्यटक व्हिसावर आलेल्या विदेशी व्यक्तीला येथे घर-जमीन घेता येत नाही.

बदल : मोरजी, मांद्रे, हरमल ही पेडण्याची किनारी गावे आधी पर्यटनाने बदलली. मोपा येथील विमानतळाचे डिसेंबर 2022 मध्ये उद्‌घाटन झाले आणि मागणी डोंगरपठारावरील गावांपर्यंत पोहोचली. डिचोलीत शिरगाव, पिळगाव परिसराने लोहखनिजाच्या खाणींचा भार सोसला. तेथे विहिरीचे पाणी आणि शेतात उतरणारा खाणीचा गाळ यांची चौकशी उताऱ्याइतकीच महत्त्वाची.

गावजीवन : देवस्थान, ग्रामसभा, वाड्यावरची पायवाट आणि विहीर यांवर गावाचा व्यवहार चालतो. जुनी वाट कुंपणाने अडवणे हे येथील तंट्यांचे एक कारण. नव्या रहिवाशाने ती मोकळी ठेवावी आणि ग्रामसभेला बसावे. ज्यांनी ही जमीन राखली, त्यांचा हक्क सांभाळूनच येथील खरेदी न्याय्य ठरते.