संघ कोणाचा? मुंबईच्या क्रिकेटमधला एक जुना तंटा

श्रोतेहो, गल्लीतल्या क्रिकेटचा एक कायदा लहानथोरांना ठाऊक असतो. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. बॅटवाला रागावून घरी निघाला तर खेळ संपला, म्हणून त्याची मर्जी सगळेच सांभाळतात. तुम्ही म्हणाल, हा पोराटोरांचा कायदा झाला. मोठ्यांच्या खेळात गुण पाहतात. पाहायला हवेत, हे खरं. पण मोठ्यांच्या खेळातही बॅट कोणाची, हा प्रश्न सुटलेला नाही. तो किती जुना आहे, ते आज सांगायचं आहे.

आधी अलीकडची गोष्ट घेऊ. १५ डिसेंबर २०२३ रोजी ‘मुंबई इंडियन्स’ने जाहीर केलं की यापुढे संघाचा कर्णधार हार्दिक पंड्या. तोपर्यंत कर्णधार होता रोहित शर्मा. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच अजिंक्यपदं त्याच्या हाताखाली आलेली. हार्दिकही मूळचा याच संघात घडलेला. मधली दोन वर्षं तो गुजरातच्या संघाचा कर्णधार होता आणि २०२२ साली त्यानं त्या संघाला पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला परत आणलं आणि महिन्याच्या आत गादीवर बसवलं.

आपल्या ठाणे जिल्ह्यात ही बातमी कशी पोचली, ते तुम्हांला सांगायला नको. भिवंडीच्या यंत्रमागांच्या गाळ्यांत, गोदामांच्या दारात, पडघ्या-अंबाडीच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. भिवंडीला असा स्वतःचा संघ नाही. आपला संघ म्हणजे मुंबईचा. त्यातून रोहितचे आईवडील खाडीपलीकडच्या डोंबिवलीत राहत आणि हा मुलगा आजीआजोबांकडे बोरिवलीला वाढला, हे इकडच्या पोरांना पाठ. त्यामुळे घरच्या कर्त्या मुलाला न विचारता उठवलं, अशी भावना झाली. वानखेडे मैदानावर जायचं तर भिवंडीकराने आधी ठाणे किंवा कल्याण गाठायचं, लोकलमध्ये चेंगरायचं, दादरला गाडी बदलायची, चर्चगेटला उतरायचं. दिवसाची मजुरी बुडते ती निराळी. एवढं करून जो जातो, त्याला वाटणारच की संघात आपलंही काही आहे.

१ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवरचा हंगामातला पहिला सामना झाला. नाणेफेकीच्या वेळी हार्दिकचं नाव पुकारताच मैदान हुर्यो करू लागलं. आपल्याच मैदानावर, आपल्याच कर्णधाराची. सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. तो सामना मुंबई हरली, आणि त्या वर्षी चौदांपैकी चारच सामने जिंकून दहा संघांत दहावी आली. टपरीवरची मंडळी म्हणाली, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

राग रास्त होता की नव्हता, हे घटकाभर बाजूला ठेवू. तो पडला कोणावर, ते पाहा. कर्णधार नेमला मालकांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी. शिव्या खाल्ल्या नेमलेल्यानं. हे ध्यानात ठेवा, कारण आता आपल्याला शंभर वर्षं मागं जायचं आहे.

त्या काळी मुंबईत धर्मावर आधारलेल्या संघांचे सामने होत. आधी युरोपियन आणि पारशी; १९०७ पासून हिंदू धरून तिरंगी, १९१२ पासून मुसलमान धरून चौरंगी. ही वाटणी आज कोणाला रुचणार नाही, आणि तेव्हाही पुष्कळांना रुचत नव्हती. पण ते सामने पाहायला सारी मुंबई लोटे. हिंदू संघाची सूत्रं हिंदू जिमखान्याच्या हाती. बॅट त्यांची, असं म्हणा.

या संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज होता पालवणकर बाळू. मूळ गाव कोकणातलं पालवण, जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील पलटणीत शिपाई, जात चांभार. पोरवयात पुण्याला एका पारशी क्लबात तीन रुपये महिन्यावर काम धरलं. मग गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपयांवर. काम काय? रोलर फिरवायचा, खेळपट्टी आखायची, जाळी लावायची. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा कोणीतरी लागे, तेव्हा चेंडू बाळूच्या हाती आला. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नामी फलंदाज. तो तास न् तास बाळूकडून चेंडू टाकून घेई. आपल्याला बाद केलं की दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असो वा नसो, डावखुऱ्या बाळूची फिरकी त्या सरावात तयार झाली. बॅट मात्र त्याच्या हाती तिथं कोणी दिली नाही. चेंडू टाकणं हे कष्टाचं काम, बॅट धरणं हा मान!

पुढे पुण्याच्या हिंदूंना साहेबांशी सामना खेळायचा होता. बाळूला घ्यावं की घेऊ नये, यावर वाद झाला. शेवटी घेतलं, कारण साहेबांना बाद करायचं होतं. त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांनी झेलला, चहा मात्र त्याला मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात दिला. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आला. हिंदू जिमखान्यानं त्याला घेतलं, पाठोपाठ धाकट्या शिवरामलाही. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळूनं त्या सामन्यात आठ गडी टिपले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून केवढा जल्लोष झाला असेल, विचार करा. आणि जिमखान्यात हे दोघे भाऊ इतरांबरोबर एका पंगतीला जेवतात, याचं सुधारकांच्या पत्रात कौतुक झालं. १९११ साली पतियाळाच्या महाराजांबरोबर हिंदी संघ विलायतेला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूनं दुखऱ्या खांद्यानिशी ११४ बळी घेतले.

एवढं कर्तृत्व झाल्यावर कर्णधारपद कोणाला? तुम्ही सांगाल ते उत्तर जिमखान्याला सुचलं नाही. १९१० पासून दरवर्षी बाळूला कर्णधार करा अशी मागणी उठे आणि दरवर्षी दुसरं नाव निघे. पुष्कळदा ते नाव एम. डी. पै यांचं असे. पै मोठ्या मनाचे गृहस्थ. एका सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं की हा मान माझ्याआधी बाळूला मिळायला हवा होता. समितीनं ऐकून घेतलं. पंगतीला बसवलं होतं, आता यजमानपणही द्यायचं? तिथं गाडी अडली.

मग उजाडला डिसेंबर १९२०. बाळूला वयाच्या नावाखाली संघातूनच वगळलं. कर्णधार पै आजारी पडले. आता शिवराम होता आणि सर्वांत धाकटा विठ्ठल होता, आणि विठ्ठल त्या वेळी हिंदूंच्या उत्तम फलंदाजांपैकी एक. समितीनं त्या सामन्यापुरते कर्णधार नेमले पुण्याचे प्रोफेसर दि. ब. देवधर. देवधरांचं नाव तुम्ही जाणता. याच देवधरांनी पुढे १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला. खेळाडू म्हणून ते कमी नव्हतेच. पण सेवा आणि क्रम पाहता विठ्ठलचा हक्क आधीचा होता.

शिवराम आणि विठ्ठल या दोघांनी खेळायचं नाकारलं. नुसतं नाकारलं नाही. वर्तमानपत्रातून निवेदन दिलं की लायकी असून जातीमुळे आम्हांला डावललं आहे आणि हा अपमान आम्ही गिळणार नाही. मंडळी, १९२० साल आहे हे विसरू नका. आकाशवाणी सोडाच, मुंबईत साधा रेडिओ क्लबही निघालेला नव्हता. नोकरीपेशाच्या दोन चांभार भावांनी प्रतिष्ठितांच्या जिमखान्याला उघड जाब विचारणं, याला छाती लागते. त्याच महिन्यात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकाराच्या ठरावातच अस्पृश्यता घालवण्याचं आवाहन आलं. देशातला वारा कुठं वाहतो आहे ते दोघा भावांनी ओळखलं होतं, आणि मुंबईच्या प्रेक्षकांनीही. वर्तमानपत्रांतून वाद रंगला, लोकांनी भावांची बाजू उचलली.

जिमखान्याला नमतं घ्यावं लागलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परतले, बाळूला बोलावून उपकर्णधार केलं, शिवराम आणि विठ्ठल परत आले. आणि खेळ चालू असताना पै मैदान सोडून आत गेले, ते बाळूच्या हाती संघ देऊन. दहा वर्षं जे समितीच्या बैठकीत झालं नाही, ते एका भल्या माणसानं असं करून दाखवलं. सामना अनिर्णित राहिला.

कर्णधारपदाचा कागदी मान मात्र बाळूला कधीच मिळाला नाही. तो विठ्ठलला मिळाला, १९२३ साली. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. ज्याच्या स्पर्शानं कप विटाळतो, त्याला खांद्यावर! पुढच्या तीन वर्षांत त्यानं आणखी दोनदा, १९२५ आणि १९२६ साली, स्पर्धा जिंकून दिली. बाळू पुढे राजकारणात उतरला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभा राहून हरला. १९५५ साली तो वारला. विठ्ठलनं आपलं ‘माझे क्रीडाजीवन’ मराठीत लिहून ठेवलं आहे. शिक्षकबंधूंनो, शाळेच्या ग्रंथालयात मिळालं तर मुलांच्या हाती जरूर द्या.

आता १९२० आणि २०२४ शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे समितीनं वा मालकानं नेमणूक केली, दोन्हीकडे लोक संतापले. कारण मात्र सारखं नाही, हे आधी कबूल करू. रोहितवर कोणी जातीनं अन्याय केला नव्हता. पाच पदं जिंकलेला कर्णधार बदलणं हा मालकाचा धंद्यातला निर्णय होता, चुकीचा असेल वा बरोबर. पालवणकरांच्या बाबतीत माणुसकीचाच प्रश्न होता. दुसरा फरक मला अधिक शिकवणारा वाटतो. १९२० मध्ये भावांचा रोख जिमखान्यावर राहिला. भांडण देवधरांशी नव्हतं, नेमणाऱ्यांशी होतं. जाब योग्य दारात विचारला गेला, म्हणून दार उघडलं.

२०२४ च्या प्रेक्षकानं कोणतं दार ठोठवायचं होतं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जिमखान्याला सभासद असत, त्यांची लोकलाज असे. आजचा संघ २००८ साली लिलावात विकला गेला. मुंबईचा संघ रिलायन्सनं ११ कोटी १९ लाख डॉलरना घेतला. तिथं सभासद नाहीत, सर्वसाधारण सभा नाही, भिवंडीच्या विणकराला मत नाही. त्याच्याकडे आहे फक्त घसा. घसा पोचतो तो मैदानावर उभा असलेल्या माणसापर्यंत. मालकाच्या कचेरीपर्यंत पोचत नाही. म्हणून हार्दिकची हुर्यो झाली, असं मला वाटतं.

प्रेक्षकाला न विचारण्याची ही रीत तशी जुनीच. १९३७ साली नवं ब्रेबोर्न मैदान उभं राहिलं आणि पंचरंगी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आपल्या जिमखान्याला जागा कमी दिल्या म्हणून हिंदू संघ खेळलाच नाही. तंटा सभासदांच्या खुर्च्यांचा. सामना गेला उन्हात उभ्या राहणाऱ्यांचा. पुढे ब्रेबोर्नचे मालक आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात पुन्हा जागांच्या वाटपावरूनच बिनसलं. बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान बांधून काढलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथं वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा आनंदानं मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवला आणि सारं मैदान पेटून उठलं. तिथं प्रेक्षकानं राग काढला तो मारणाऱ्यांवर, लॉइडवर नाही.

हार्दिकचं पुढे काय झालं, हेही सांगितलं पाहिजे. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक त्याच्या हाती आलं, तेव्हा भारताचा कर्णधार होता रोहित. त्या षटकात सामना जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली. पावसाचे दिवस, तरी माणसांचा समुद्र. तिथून सगळे वानखेडेवर आले. तीन महिन्यांपूर्वी ज्या कठड्यांवरून हुर्यो झाली होती, त्याच कठड्यांवरून आता हार्दिकच्या नावाचा घोष चालला होता, आणि रोहितनं भर मैदानात त्याच्या शेवटच्या षटकाला सलाम केला. मालकाच्या कचेरीत पुढच्या हंगामाची जुळवाजुळव चालू राहिली, आणि २०२५ लाही मुंबईचा कर्णधार हार्दिकच होता.