किंबर्ली प्रक्रियेची वाटचाल : व्हेनेझुएला गेला आणि परतला

जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेच्या घंटीवरून (हिरा घासण्याच्या चाकावरून) जातात, असे या धंद्यात सांगितले जाते. कच्चा माल मात्र बाहेरून येतो, मोहोरबंद पेटीतून आणि एका प्रमाणपत्रासह. त्यावर क्रमांक, कॅरेटमधले वजन, डॉलरमधली किंमत आणि पाठवणाऱ्या-घेणाऱ्याचे नाव असते. हा कागद नसेल, तर माल कायदेशीर मार्गाने देशात येऊच शकत नाही. भारतात हे काम रत्न आणि आभूषण निर्यात संवर्धन परिषद पाहते.

या कागदामागे युद्धे आहेत. अँगोला आणि सिएरा लिओनमधले बंडखोर हिरे विकून शस्त्रे घेत होते. ते थांबवण्यासाठी मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली शहरात हिरे-उत्पादक देश एकत्र बसले आणि १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रक्रियेची प्रमाणपत्र योजना सुरू झाली. भारत पहिल्यापासून सदस्य आहे. नियम साधा आहे : सदस्याने कच्च्या हिऱ्यांचा व्यवहार सदस्याशीच करायचा. त्यामुळे इथून बाहेर पडणे म्हणजे खुल्या बाजारातून बाहेर पडणे.

काँगो प्रजासत्ताकाला २००४ मध्ये काढून टाकले होते आणि २००७ मध्ये परत घेतले. व्हेनेझुएलाचे प्रकरण वेगळे, कारण तो स्वतःहून गेला. तिथल्या बोलिवार राज्यात हिरे निघत होते, पण अधिकृत निर्यात शून्य दिसत होती. माल गयाना आणि ब्राझीलच्या सीमेवरून निसटत होता. २००८ मध्ये प्रक्रियेचे अध्यक्षपद भारताकडे होते. त्याच वर्षी व्हेनेझुएलाने हिऱ्यांचा व्यापार थांबवून योजनेपासून अलग होण्याचे ठरवले. घर आवरून परत यावे, अशी अपेक्षा होती. तो परतला २०१६ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीच्या अध्यक्षपदाच्या काळात.

या आठ वर्षांत खाणी बंद पडल्या नाहीत. पोटासाठी नदीचा गाळ चाळणारा मजूर राजधानी कराकसमधल्या निर्णयाने थांबत नाही. त्याचा खडा शेजारच्या देशाचा कागद मिळवतो आणि स्वच्छ होऊन बाजारात येतो. देश बाहेर गेला की त्याच्या खाणींवरची नजरही जाते, हे मला या प्रकरणातले सर्वांत गंभीर वाटते. म्हणून परत घेणे योग्यच होते, पण तपासणीची खात्री करून.

खड्याचे मूळ लपण्याचा हाच प्रश्न सुरतेपर्यंत येतो. प्रमाणपत्र फक्त कच्च्या हिऱ्याला लागते. इथे तो कापला, घासला, पॉलिश झाला की किंबर्लीचा कागद मागे राहतो. इथल्या मिनी बाजार या हिरेबाजारात पुडीतून हातोहात फिरणाऱ्या चमकत्या खड्याचे मूळ सांगणार कोण? ज्याच्या बोटांनी त्याला पैलू पडले, त्या रत्नकलाकारालाही ते ठाऊक नसते. त्याची रोजी मात्र याच विश्वासावर चालते.

त्याहून मोठी उणीव व्याख्येत आहे. सरकारविरोधी बंडखोरांना पैसा पुरवणारा हिराच इथे ‘संघर्षाचा हिरा’ मानला जातो. खाणीवर सैनिकांनी गोळ्या घातल्या, तरी तो त्यात बसत नाही. झिम्बाब्वेच्या मरांगे खाणींसारख्या प्रश्नांवरून ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था २०११ मध्ये या प्रक्रियेतून बाहेर पडली आणि परतली नाही. २०१९ मध्ये, पुन्हा भारताच्या अध्यक्षतेखाली, व्याख्या रुंदावण्याचा प्रयत्न झाला. निर्णय सर्वसहमतीने होतात, ती झाली नाही.

२०२६ साठी अध्यक्षपद तिसऱ्यांदा भारताकडे आले आहे. व्याख्या बदलण्याचा आग्रह आता सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दिल्लीकडे धरायला हवा.