रित्या पोटाचा नियम

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री परिचारिका रुग्णाला बजावते, ‘आता काही खायचे नाही.’ रुग्ण मान डोलावतो. सकाळी मात्र घरची मायाळू माणसे हळहळतात, आणि कपभर चहाने काय बिघडणार, असे म्हणत थर्मासचे झाकण उघडतात. या नियमामागचा इतिहास ठाऊक नसल्यानेच असे घडते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला ईथर हुंगवले आणि डॉ. जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. वेदनेवर मात झाली, पण नवे संकट लवकरच समोर आले. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील विनलेटन येथे हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचे नख काढताना, क्लोरोफॉर्मच्या अमलाखाली दगावली. तिला सावध करण्यासाठी तोंडात पाणी व ब्रँडी घातली होती. त्यानेच ती गुदमरली, असे सिम्प्सन म्हणाले, डॉ. जॉन स्नो यांनी मात्र क्लोरोफॉर्मलाच दोष दिला.

१८८३ साली जोसेफ लिस्टर यांनी समतोल सल्ला दिला : जठरात घन अन्न नसावे, पण दोन तास आधी कपभर चहा हितकारकच.

पुढे १९४६ साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी आपल्या रुग्णालयातील ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ६६ जणींच्या जठरातील अन्नद्रव्य भुलेच्या अवस्थेत फुप्फुसांत उतरले होते. दोघी घन अन्नाने गुदमरून गेल्या. जठरातील आम्ल फुप्फुसांना कसे पोळते, हे त्यांनी सशांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. एरव्ही घशाशी काही आले की आपल्याला ठसका लागतो. भुलेत हा पहारेकरीच निजलेला असतो.

या धास्तीने ‘मध्यरात्रीपासून पाणीही नको’ असा कडक नियम रूढ झाला. तथापि साधे पाणी जठरातून लवकर पुढे सरकते, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले आणि वैद्यक पुन्हा लिस्टर यांच्या सल्ल्याजवळ आले. आज निरोगी प्रौढाला सामान्यतः हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि पाणी वा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. तेलकट, जड जेवणाला अधिक अवधी लागतो. दूध मात्र अन्नातच गणले जाते. म्हणून थर्मासमधला दुधाचा चहा वर्ज्य! मधुमेह, गरोदरपण किंवा वजन घटवणारी काही नवी इंजेक्शने यांमुळे जठर रिते होण्यास विलंब लागू शकतो. अशा वेळी भूलतज्ज्ञ सांगतील तोच नियम.

भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटतात तेव्हा औषधे, दमा, ॲलर्जी, हलणारे दात, दारू-तंबाखूची सवय, पूर्वीच्या भुलेचा त्रास, सारे मोकळेपणाने सांगावे. आणि सकाळी चुकून काही खाल्ले असेल तर तेही सांगावे. फार तर शस्त्रक्रिया काही तास पुढे जाईल. लपवलेला घास मात्र जिवावर बेतू शकतो. भुलेत रुग्णाला बोलता येत नाही. म्हणून जे सांगायचे ते आधीच सांगायला हवे.