पेडणे-डिचोलीच्या बागायतींतील कीड-रोगांचा इतिहास

डिचोली आणि पेडणे हे उत्तर गोव्यातील तालुके नव्या काबिजादींपैकी. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेले. पेडणे १७८८ मध्ये. डिचोलीत डोंगरांच्या घळींत, झरीच्या पाण्यावर कुळागरे वाढली. तिथे माड आणि पोफळी उभ्या, पोफळीवर मिरवेल चढलेली, सावलीत केळी आणि अननस. पेडण्यात मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्याला माड आणि आतल्या सड्यांवर काजू. पिकांबरोबर त्यांचे कीड-रोगही इथे रुजले.

पोफळीचा मोठा शत्रू कोळेरोग. नाव कन्नडमधून आलेले. ‘कोळे’ म्हणजे कुजणे. जून ते सप्टेंबर या काळात हिरव्या सुपारीच्या देठाजवळ पाणी मुरल्यासारखा गडद डाग पडतो, तो पसरतो, त्यावर पांढरी बुरशी धरते आणि सुपारी गळून पडते. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी या रोगाचा अभ्यास केला आणि तो फायटोप्थोरा या बुरशीमुळे होतो हे १९१० मध्ये मांडले. त्यावरचे औषध फ्रान्समधले. बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण केवडा रोगाला आळा घालते, हे मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले होते. केवडा आणि कोळेरोग यांच्या बुरशी एकाच गटातल्या, त्यामुळे तेच बोर्डो मिश्रण पोफळीलाही लागू पडले.

हे मिश्रण आजही बागेतच करतात. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवतात, मग दोन्ही पाणी ढवळत एकत्र करतात. तयार निळ्या मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून चुन्याचे पाणी आणखी घालतात. पहिली फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप पाहून करतात. मात्र गळलेल्या सुपाऱ्या आणि कुजलेले घोस बागेतच राहिले, तर रोग तिथूनच पुन्हा उठतो.

माडाचा जुना वैरी गेंड्या भुंगा. तो शेंड्यातला न उलगडलेला कोंब पोखरतो, म्हणून नवी झावळ कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी बाहेर येते. नारळ पाडायला चढणारा पाडेली शेंडा साफ करी आणि लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढी. पण भुंग्याची अळी शेंड्यात वाढत नाही. ती शेणकीत आणि कुजक्या खोडांत वाढते. हाच भुंगा १९०९ मध्ये सामोआ बेटावर पोहोचला आणि तिथल्या माडांचा त्याने मोठा नाश केला. त्याला मारणारा विषाणू अलोइस ह्यूगर यांना १९६३ मध्ये मलायात सापडला आणि पुढे अनेक देशांत त्याचा उपयोग झाला. गोव्यात आता पाडेली कमी झाल्याने अनेक माडांचे शेंडे साफ होतच नाहीत.

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. झाड परके, पण त्याच्या मोठ्या किडी आशियातल्याच. ढेकण्या कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषतो, त्यामुळे मोहोर करपतो. रोठा खोड आणि मुळे पोखरतो. पाने पिवळी पडेपर्यंत झाड बहुधा हातचे गेलेले असते. त्याआधी बुंध्याजवळ भुसा आणि डिंक दिसतो. त्याच वेळी साल तासून अळी काढली, तर झाड वाचते.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर कृषी खात्याची कार्यालये तालुक्यांत आली. जुने गोवे येथे १९८९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे गोवा संशोधन संकुल झाले. आजची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था ती हीच. पुढे १९९८ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात माडावरील इरिओफाइड कोळी आढळला आणि पश्चिम किनाऱ्यावर पसरला. नारळावर तपकिरी, भेगाळलेले चट्टे पडतात आणि फळ लहान राहते. हा कोळी कोवळ्या फळाच्या टोपीखाली दडतो, म्हणून वरवरचा फवारा त्याला लागत नाही.

यांपैकी चार कीड-रोगांचे मूळ लक्षणापासून दूर असते: कोळेरोगाचे गळलेल्या सुपारीत, भुंग्याचे शेणकीत, रोठ्याचे बुंध्यात, कोळ्याचे टोपीखाली. औषधे बदलत गेली, तरी बाग स्वच्छ ठेवण्याचे काम बदललेले नाही. मृगापूर्वी शेणकी उपसावी, कुजकी खोडे हलवावीत, बुंधे तपासावेत आणि पावसात गळलेल्या सुपाऱ्या वेचून नष्ट कराव्यात. फवारणीचा खरा उपयोग त्यानंतरच होतो.