तोंड आधी, आवाज मागून

मागच्या दिवाळीला पुण्याहून वडवणीला जाताना मी आबांसाठी वायरलेस हेडफोन घेऊन गेलो. आबा म्हणजे माझे आजोबा, वय ८१. त्यांना ऐकायला कमी येतं. संध्याकाळी बातम्या लागल्या की टीव्हीचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जातो. बहिणीची बारावी, आईचं डोकं दुखतं. आवाज कमी केला की आबा विचारणार, "काय म्हणला?" दोनदा-तीनदा कुणीतरी सांगतं. चौथ्यांदा कुणी सांगत नाही. मग आबा गुपचूप उठतात आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतात.

हेडफोन चांगला होता. आधी फोनला जोडून त्यांना एक जुना अभंग ऐकवला. आबांचा चेहरा खुलला. मग टीव्हीला जोडला, आणि दहा मिनिटांत त्यांनी तो काढून गादीवर ठेवला.

"तोंड आधी मिटायलंय अन् आवाज मागून यायलाय. काढ बाबा हे."

मी स्वतः घालून बघितला. अंतर होतं, पण मला तसं चाललं असतं. इंजिनिअर असल्यामुळे मात्र गप्प बसवेना. टीव्हीवर टाळी वाजवण्याचा एक व्हिडिओ लावला, हेडफोन फोनच्या माइकला चिकटवला, आणि दोन्ही मिळून ६० फ्रेमने शूट केलं. हात एकमेकांना लागल्यावर तेराव्या फ्रेमला आवाज आला. म्हणजे साधारण २१५ मिलिसेकंद. सेकंदाचा पाचवा हिस्सा.

ही टाळीची युक्ती माझी नाही. ती बोलपटांच्या काळातली आहे.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तेव्हा पडद्यावरची माणसं मुकी होती. तीच गोष्ट १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' म्हणून काढली आणि मराठीतला पहिला बोलपट आला. बोलपटासोबत एक नवीन डोकेदुखीही आली. ओठ आणि आवाज जुळवायचे कसे? चित्र एका पट्टीवर, आवाज दुसऱ्या पट्टीवर नोंदवायची पद्धत रूढ झाली, म्हणून प्रत्येक शॉटच्या आधी पाटी आपटायची. पाटी मिटलेली फ्रेम आणि 'टक्' हा आवाज एकमेकांसमोर आणले की पुढचं सगळं आपोआप जुळतं.

थिएटरातही भानगड होतीच. प्रोजेक्टरमध्ये चित्र एका जागी दिसतं आणि आवाज वाचणारा भाग त्याच्यापासून थोडा दूर असतो. म्हणून ३५ मिमीच्या रिळावर आवाज सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असायचा. ऑपरेटरने रीळ चढवताना मधली ढील चुकवली की हिरोचे ओठ हलून झाल्यावर संवाद ऐकू यायचे. जत्रेतल्या तंबूत असं झालं की लोक शिट्ट्या मारून ऑपरेटरला जागं करायचे, असं आबा सांगतात. थोडक्यात, आबांचे कान आणि डोळे याबाबतीत माझ्यापेक्षा जास्त तयार आहेत.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्याकडे पोचायला बराच काळ गेला. आमच्या भागात अँटेनाचं तोंड अंबाजोगाईच्या टॉवरकडे करून ठेवलेलं असायचं. त्या जुन्या प्रक्षेपणाचा आवाज मोनो असला तरी एफएम होता. रेडिओच्या मीडियम वेव्हपेक्षा कितीतरी साफ. चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर आवाजाची लहर, दोन्ही एकदमच निघायच्या आणि एकदमच पोचायच्या. टीव्हीच्या डब्यात काही साठवून ठेवायची सोयच नव्हती, त्यामुळे उशीर व्हायलाही जागा नव्हती. वर त्या डब्याचा स्पीकर बहुतेक वेळा समोर, बघणाऱ्याकडे तोंड करून असायचा. आजच्या पातळ टीव्हीत तो खाली किंवा मागे बसवलेला असतो. आवाज भिंतीला धडकून आपल्याकडे येतो आणि शब्दांची धार जाते.

१९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा गल्लीत एकच टीव्ही होता. तो ओट्यावर आणून ठेवायचे आणि अंगणभर माणसं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. शेवटची रांग १५ मीटरवर धरली तर तिथे आवाज जवळपास ४५ मिलिसेकंद उशिरा पोचत असणार. कुणाला कळलंही नाही. कळणारही नव्हतं, कारण लांबचा आवाज उशिरा येतो याची आपल्याला जन्मापासून सवय असते. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची प्रसारणासाठी एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवू लागतं, पण मागे पडला तर १२५ पर्यंत खपून जातं.

आता माझे २१५ मिलिसेकंद घ्या. त्याचा अर्थ आबा टीव्हीपासून सुमारे ७४ मीटर लांब बसले होते. खोलीत आमच्या शेजारी, पण कान गल्लीच्या पलीकडे.

हा उशीर ब्लूटूथच्या इतिहासातून आलाय. एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये त्यावर काम सुरू झालं ते फोन आणि त्याच्या उपकरणांमधली वायर घालवण्यासाठी. चांगल्या दर्जाचं संगीत पाठवायची पद्धत २००३ मध्ये ठरली. तिच्यात आवाज आधी दाबून लहान करतात, त्याची पाकिटं करून पाठवतात, हरवलेलं पाकीट पुन्हा मागवतात, आणि तोवर गाणं अडखळू नये म्हणून हेडफोनमध्ये थोडा साठा करून ठेवतात. उशीर होतो तो या साठ्यामुळे. गाण्याला काही फरक पडत नाही, कारण गाण्याला ओठ नसतात. तुम्ही म्हणाल, फोनवर व्हिडिओ बघताना तर नीट जुळतं. जुळतं, कारण अ‍ॅपला उशीर माहीत असतो आणि ते चित्रच तेवढं थांबवून दाखवतं. गेम खेळताना मात्र चित्र थांबवता येत नाही. म्हणून गोळी आधी सुटते आणि आवाज नंतर येतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. अनेक टीव्हींचं वागणं त्या गेमसारखंच असतं.

पण आबांना तो उशीर माझ्यापेक्षा जास्त का खुपला? उत्तर १९७६ च्या एका प्रयोगात सापडतं. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 'गा' म्हणणाऱ्या चेहऱ्यावर 'बा' हा आवाज लावला. बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू आलं 'दा'. आपण डोळ्यांनीही ऐकतो. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, च यांसारख्या व्यंजनांची धार. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाही. राहिलेली जागा माणूस समोरच्याचे ओठ बघून भरतो. आबा कित्येक वर्षं हेच करत होते आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी आणलेल्या हेडफोनने त्यांना भरपूर बेस दिला, जो त्यांना नको होता, आणि ओठ काढून घेतले, जे त्यांना हवे होते.

शिवाय हेडफोन जोडला की टीव्हीचा स्पीकर बंद. म्हणजे एक तर आबा ऐकणार, नाहीतर बाकीचे.

दुसऱ्या फेरीत मी ब्लूटूथ नसलेला, साध्या रेडिओ लहरींवर चालणारा हेडफोन नेला. त्याचा छोटा स्टँड टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटला लागतो आणि स्पीकरही चालू राहतो. गाण्यांसाठी तो आधीच्यापेक्षा कमी दर्जाचा आहे, मागे बारीक खरखरही आहे. टाळी पुन्हा मोजली. दोन फ्रेम.

ब्लूटूथही बदलतंय. २०२० मध्ये जाहीर झालेल्या नव्या पद्धतीत उशीर कमी करता येतो आणि एकाच टीव्हीचा आवाज कितीही जणांना, ज्याच्या-त्याच्या आवाजात ऐकता येतो. वडवणीतल्या आमच्या टीव्हीत ते यायला वेळ लागेल.

परवा आईचा फोन आला होता. मागे बातम्या चालू होत्या, आवाज बेताचा. मधेच आबा मोठ्याने काहीतरी बोलले. मी विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "काही नाही रे. तुझी बहीण मोबाइलमधे होती, तिचं बातम्यांतलं काहीतरी ऐकायचं राहिलं. आबा तिला सांगायलेत, तो काय म्हणला ते."