मिस होकुसाई

मिस होकुसाई : जपानी ॲनिमेशनपट (२०१५). दिग्दर्शक केइइची हारा. निर्मिती प्रॉडक्शन आय.जी. हिनाको सुगिउरा यांच्या १९८० च्या दशकातील ‘सारुसुबेरी’ या चित्रकथामालेवर आधारित. काळ १८१४, स्थळ एदो, म्हणजे आजचे टोकियो.

नायिका ओ-एइ ही प्रख्यात चित्रकार कात्सुशिका होकुसाई यांची मुलगी. ती स्वतः निष्णात चित्रकार. वडिलांची अर्धी राहिलेली कामे ती पुरी करते, पण नाव लागते वडिलांचे. बापलेक कागदांच्या पसाऱ्यात राहतात. घर आवरण्यापेक्षा बदलणे त्यांना सोपे वाटते. केइसाई एइसेन हा पुढे नावारूपास आलेला चित्रकार येथे त्यांच्या घरी पडीक असलेला उनाड तरुण म्हणून भेटतो.

सलग कथानक असे नाही. सुमीदा नदीवरील र्‍योगोकु पुलावरची वर्दळ, नावा, आगी, गणिकांची वस्ती, भुताखेतांवरचा सहज विश्वास अशा प्रसंगांतून शहर उलगडते. पिशाच्चांचे प्रसंगही रोजच्या व्यवहाराइतक्याच शांतपणे येतात, हे दिग्दर्शकाचे विशेष कौशल्य. ओ-एइची धाकटी अंध बहीण ओ-नाओ हिच्यासाठी हेच शहर आवाज आणि स्पर्श यांचे बनलेले आहे. तिचे बर्फात खेळणे हा चित्रपटातील सर्वांत सरस भाग. आरंभीचे रॉक संगीत मात्र अनेकांना खटकते.

२०१५ च्या आन्सी महोत्सवात या चित्रपटास परीक्षक पारितोषिक मिळाले. सुगिउरा यांचे २००५ मध्येच निधन झाले होते.